अल्बमआधी एक विचित्र गाणं येतं आणि चाहते का चिडतात? लिंकिन पार्कच्या दोन गाण्यांची गोष्ट

लोलापालूझा इंडियाच्या २०२६ च्या कलाकारांची यादी जाहीर झाली, त्यात सगळ्यात वर लिंकिन पार्कचं नाव होतं. जानेवारी महिना, मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स, आणि हा बँड भारतात पहिल्यांदाच. आमच्या कॉलेजच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दहा मिनिटांत दोन तट पडले. एक गट तिकिटांच्या लिंक टाकत होता. दुसरा म्हणत होता, चेस्टरशिवाय कसली लिंकिन पार्क? तिसऱ्या कुणीतरी जुना विषय उकरला. "चेस्टर होता तेव्हा तरी शेवटची गाणी कुणाला आवडली होती?"

त्यावर ग्रुप शांत झाला. मीसुद्धा. कारण ज्यांना आवडली नव्हती, त्यांत मी होते.

तर विषय असा आहे. एखादा बँड नवा अल्बम आणतो, त्याआधी एक गाणं सोडतो. ते गाणं नेहमीसारखं नसतं. चाहते बिथरतात, 'हा आमचा बँड नाही' म्हणतात, पूर्ण अल्बम यायच्या आधीच निकाल लागलेला असतो. दर दोन-चार महिन्यांनी जगात कुठल्या ना कुठल्या बँडबाबत हे घडतं. हे का घडतं हे समजून घ्यायचं असेल, तर लिंकिन पार्कइतकं चांगलं उदाहरण नाही. त्यांच्याबाबतीत ते दोनदा घडलं, आणि दोन्ही वेळा पुढे जे झालं ते अगदी वेगळं होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी

लिंकिन पार्क हा कॅलिफोर्नियातला बँड. 'हायब्रिड थिअरी' हा पहिला अल्बम ऑक्टोबर २००० मध्ये आला, 'मेटिओरा' २००३ मध्ये. जड गिटार, त्यावर माइक शिनोडाचं रॅप, आणि मग चेस्टर बेनिंग्टनची ती फाटत जाणारी किंकाळी. या मिश्रणाला तेव्हा 'न्यू मेटल' म्हणत. एकट्या अमेरिकेत 'हायब्रिड थिअरी'च्या एक कोटीहून जास्त प्रती गेल्या.

आमच्या हरिहरेश्वरला ही गाणी सीडीतून नाही, मेमरी कार्डातून आली. मुंबईचा आत्येभाऊ गणपतीला गावी यायचा, त्याच्या फोनमधून ती आमच्या फोनमध्ये उतरायची. बाहेर आरत्या आणि जाखडी, आत पडवीत एकाच इअरफोनचं एक बोंडूक त्याच्या कानात, दुसरं माझ्या. इंग्रजी शब्द निम्मे कळत नसत. राग मात्र कळायचा.

हे सांगायचं कारण, चाहता होणं म्हणजे नुसतं गाणं आवडणं नसतं. ते गाणं कुठे, कुणासोबत, कुठल्या वयात ऐकलं हे सगळं त्याला चिकटलेलं असतं. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या दोन अभ्यासकांनी १९८९ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या काळातली गाणी ऐकवली. आपण साधारण विशीच्या सुरुवातीला असताना गाजलेली गाणीच आपल्याला पुढे जास्त आवडतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे बँड बदलला की फक्त चाल बदलत नाही, तुमच्या त्या वयाची एक भिंत कुणीतरी न विचारता रंगवल्यासारखं वाटतं.

२०१०: भैरवी आधी ऐकवली

२ ऑगस्ट २०१० ला 'द कॅटलिस्ट' आलं. साडेपाच मिनिटांहून मोठं गाणं. गिटार मागे, सिंथेसायझर पुढे, एकच ओळ समूहाने मंत्रासारखी घोळवलेली. नेहमीचा साचा होता एक कडवं रॅपचं, मग धृपदात चेस्टरचा स्फोट. तो इथे नव्हताच. माझा आत्येभाऊ तेव्हा कॉलेजात होता. तो अजून सांगतो, "अगं, मला वाटलं चुकीची फाइल डाउनलोड झाली."

हे गाणं ज्या अल्बममधून आलं त्याचं नाव 'अ थाउजंड सन्स', म्हणजे एक हजार सूर्य. आपल्या वाचकांना हे ओळखीचं वाटायला हवं. हे नाव थेट भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायातल्या विश्वरूपदर्शनाकडे जातं. अणुबॉम्बच्या प्रकल्पाचा प्रमुख शास्त्रज्ञ रॉबर्ट ओपेनहायमर हा गीता वाचणारा माणूस. पहिल्या अणुस्फोटाच्या आठवणीला त्याने गीतेचा संदर्भ दिला, आणि ते त्याचं बोलणं अल्बमच्या दुसऱ्याच ट्रॅकमध्ये ऐकू येतं. पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाचा तुकडा आहे, विद्यार्थी नेता मारिओ सॅव्हिओचा आहे. अणुयुद्धाची भीती हा सगळ्याला बांधणारा धागा. पंधरा ट्रॅक, त्यातले काही जेमतेम मिनिट-दीड मिनिटाचे, एकातून दुसऱ्यात वाहत जाणारे. हा सुटी गाणी ऐकायचा अल्बमच नव्हता.

आणि खरी गोम इथे आहे. 'द कॅटलिस्ट' हा त्या पंधरापैकी चौदावा ट्रॅक आहे. अल्बम सुरू होतो तेव्हा पहिल्याच ट्रॅकमध्ये याच गाण्याचे शब्द हळू आवाजात येऊन जातात, आणि सुमारे चाळीस मिनिटांनी ते पूर्ण गाणं होऊन फुटतात. ऐकणाऱ्याने त्या वाटेने चालत तिथे पोहोचावं अशी रचना. पण बाजारात आधी आलं ते शेवटचं. मैफल सुरू होण्यापूर्वी गायकाने थेट भैरवी गायली, आणि श्रोते म्हणाले यमन कुठे गेला?

बरं, बँडला हे कळत नव्हतं असं नाही. गाणं यायच्या आधी त्यांनी त्याचे सुटे तुकडे, म्हणजे आवाज, तालवाद्यं, सिंथ, चाहत्यांना इंटरनेटवर देऊन टाकले होते. यातून तुमचं काहीतरी बनवून पाठवा, अशी स्पर्धा. लोक अनोळखी गोष्टीशी खेळले तर ती थोडी ओळखीची होईल, असा त्यामागे विचार असावा असं मला वाटतं. ज्यांनी खेळून पाहिलं ते बहुधा कमी चिडले. पण असे किती?

विक्रीचे आकडे बघा. अल्बम पहिल्या आठवड्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आला, सुमारे २ लाख ४१ हजार प्रती गेल्या. त्याआधीचा 'मिनिट्स टू मिडनाइट' २००७ मध्ये पहिल्या आठवड्यात ६ लाख २३ हजार गेला होता. म्हणजे ६० टक्क्यांहून जास्त घसरण. 'प्रयोग फसला' म्हणणारे हाच आकडा दाखवतात. पण त्या तीन वर्षांत सगळा बाजारच कोसळत होता. अमेरिकेत २००७ साली सुमारे ५० कोटी अल्बम विकले गेले, २०१० साली सुमारे ३२ कोटी ६० लाख. ती घसरण ३५ टक्क्यांची. म्हणून सगळा दोष पायरसीवर आणि आयट्यून्सवर टाकता येत नाही, आणि सगळा 'द कॅटलिस्ट'वरही नाही. काही लोक गेले, हे खरंच आहे.

जे राहिले त्यांचं काय झालं? हा अल्बम हळूहळू वर येत गेला. आज लिंकिन पार्कच्या कट्टर चाहत्यांना त्यांचा सगळ्यात धाडसी अल्बम विचारा, बरेच जण याचंच नाव घेतात. माझा आत्येभाऊसुद्धा. मी त्याला 'चुकीची फाइल'ची आठवण करून दिली की तो विषय बदलतो.

कान सवयीचा गुलाम असतो

यामागे एक साधी मानसशास्त्रीय गोष्ट आहे. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की अर्थ न कळणारे शब्द किंवा चिन्हंसुद्धा लोकांना वारंवार दाखवली की ती जास्त आवडायला लागतात. नुसत्या ओळखीने. गाण्याच्या बाबतीत हे आपण सगळेच अनुभवतो. पहिल्यांदा 'काय हे' वाटलेलं गाणं लग्नात, एसटीत, रिक्षात पाच वेळा कानावर पडलं की आपण ते गुणगुणायला लागतो.

अडचण अशी की आजची व्यवस्था पाचव्या वेळेपर्यंत थांबतच नाही. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद ऐकलं की ते 'वाजलं' असं धरलं जातं. त्यामुळे सगळं जे काही दाखवायचं ते पहिल्या अर्ध्या मिनिटात, असा दबाव. जे गाणं दुसऱ्या मिनिटाला उलगडतं, त्याचं नुकसान ठरलेलं. त्यात गाणं आल्यावर तासाभरात 'रिॲक्शन' व्हिडिओ येतात. त्या व्हिडिओतला माणूस गाणं आयुष्यात पहिल्यांदा ऐकत असतो आणि त्याच क्षणी मत देत असतो. आपण त्याचं मत ऐकून मग गाणं ऐकतो. मी स्वतः या धंद्यात आहे. 'चाहते नाराज' ही बातमी पहिल्या तासात लिहिली तर वाचली जाते. 'चाहत्यांना तीन आठवड्यांनी आवडायला लागलं' ही बातमी अजून तरी कुठल्या संपादकाने माझ्याकडे मागितलेली नाही.

म्हणून काही बँड हा सापळाच टाळतात. रेडिओहेडचं 'किड ए' ऑक्टोबर २००० मध्ये आलं, त्यातही गिटार जवळपास गायब होती. त्यांनी त्या अल्बममधून आधी एकही सिंगल काढलं नाही. घ्यायचं तर सगळं घ्या. पण एवढी हिंमत करायला आधीच रेडिओहेड असावं लागतं.

आपल्याकडे हे नवीन आहे का?

मुळीच नाही. आमच्या भागात जाखडी, म्हणजे शक्ती-तुऱ्याचा नाच, हे तरुण पोरांचं आणि म्हाताऱ्यांचं सारखंच वेड. ढोलकी, झांज, पायांत चाळ, दोन शाहिरांची सवाल-जवाबाची चढाओढ. गेल्या काही वर्षांत त्यात कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आला, सिनेमाच्या चालीवर शब्द बसवणं तर जुनंच. आमच्या शेजारचे काका दरवर्षी बारी बघायला सगळ्यात पुढे बसतात आणि दरवर्षी म्हणतात, ही जाखडी नाही, हा ऑर्केस्ट्रा आहे. पहाटेपर्यंत उठत मात्र नाहीत.

मराठी नाट्यसंगीत घ्या. १९६४ च्या 'मत्स्यगंधा'पासून जितेंद्र अभिषेकींनी पदं आटोपशीर केली, चालींचा बाज बदलला. तासन्‌तास रंगणाऱ्या पदांची ज्यांना सवय होती त्यांना हा मोठाच बदल होता. आज तीच पदं 'जुनं, अस्सल' म्हणून स्पर्धांमध्ये गायली जातात.

मुंबईच्या रॉकमध्येही हे झालं आहे. रॉक मशीन हा ऐंशीच्या दशकातला गाजलेला बँड. १९९३ मध्ये त्याने नावच बदलून इंडस क्रीड केलं आणि भारतीय सूर-वाद्यांकडे वळला. विशाल ददलानीला तुम्ही रिॲलिटी शोचा परीक्षक म्हणून ओळखत असाल. त्याचा बँड पेंटाग्राम १९९६ च्या पहिल्या अल्बममध्ये दणदणीत गिटारचा होता, २००२ च्या 'अप'मध्ये इलेक्ट्रॉनिक संगीताकडे गेला. आणि जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण बॉब डिलनचं. त्याने इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली म्हणून मे १९६६ मध्ये मँचेस्टरच्या मैफलीत एका श्रोत्याने त्याला 'जुडास' म्हणजे विश्वासघातकी अशी हाक मारली होती. इंटरनेट नव्हतं तेव्हाची ही कमेंट. फरक एवढाच की त्या माणसाला तिकीट काढून जावं लागलं होतं.

२०१७: जे ऐकलं नाही ते

आता दुसरं गाणं. याबद्दल लिहायला मला जड जातं.

फेब्रुवारी २०१७. मी अकरावीत. जिओचा फुकट डेटा ३१ मार्चपर्यंत होता, त्यामुळे आमच्याकडे पहिल्यांदाच गाणं आलं त्या दिवशी ऐकता येत होतं, मुंबईच्या दादाची वाट बघायची गरज नव्हती. महाशिवरात्र आठवड्यावर आलेली. आईच्या खानावळीत पाहुण्यांची वर्दळ, मी ताटं वाढून झाल्यावर फोन घेऊन मागच्या चढावर गेले, कारण घरात रेंज एकच काडी. नवं गाणं होतं 'हेवी'. सोबत किआरा नावाची पॉप गायिका.

नाव 'हेवी' आणि गाणं हलकं. गिटारचा खरखरीतपणा नाही, किंकाळी नाही, रेडिओवर कुठेही खपेल असं. मी दीड मिनिट ऐकलं. मग खाली जाऊन लिहिलं की तुम्ही विकले गेलात. माझ्यासारख्या हजारोंनी लिहिलं. सतरा वर्षांच्या मुलीला 'विकले जाणं' म्हणजे नेमकं काय हे माहीत नव्हतं, पण शब्द तयार होता.

'वन मोअर लाइट' हा अल्बम १९ मे २०१७ ला आला आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. पण टीका थांबली नाही. हा बदल पैशांसाठी केला असं म्हणणाऱ्यांवर चेस्टर मुलाखतींमध्ये उघडपणे चिडला होता. आम्हाला वाटलं, खरं बोललं म्हणून झोंबलं.

२० जुलै २०१७ ला चेस्टरने आत्महत्या केली. वय ४१. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. बाहेर धो-धो पाऊस, श्रीवर्धनला जाणारी एसटी, काचेवर पाणी, आणि फोनवर आत्येभावाचा एकच मेसेज.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. चाहत्यांच्या टीकेमुळे हे झालं असं म्हणणं खोटं आहे, आणि धोकादायकही. नैराश्य आणि व्यसन याबद्दल चेस्टर कितीतरी वर्षं मोकळेपणाने बोलत होता. लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दलही. त्याचा जवळचा मित्र, गायक ख्रिस कॉर्नेल, दोनच महिने आधी तसाच गेला होता, आणि २० जुलै हा कॉर्नेलचा वाढदिवस. आत्महत्येला एक कारण कधीच नसतं. (तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या मनात असे विचार येत असतील तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.)

माझा मुद्दा वेगळा आहे, आणि तो माझ्यापुरता आहे. 'हेवी' आलं त्याच सुमारास दिलेल्या एका मुलाखतीत चेस्टर म्हणाला होता की त्याच्या दोन कानांच्या मधली जागा ही वाईट वस्ती आहे, तिथे त्याने एकट्याने जाता कामा नये. गाणंही तेच सांगत होतं. डोक्यातलं ओझं सोडवत नाही आणि पेलवतही नाही, असं. पहिल्या ओळीपासून, अगदी साध्या शब्दांत. बाकी गाण्यांतले निम्मे शब्द मला कळत नसत, या गाण्यातले सगळे कळत होते. आणि मी गिटार शोधत बसले होते.

हे माझ्या मते या सगळ्या भानगडीतलं सगळ्यात न बोललं जाणारं अंग आहे. गाणं वेगळं आलं की आपण ते 'काय नाही' यावरून मोजतो. अमुक वाद्य नाही, किंकाळी नाही, जुना वेग नाही. काय आहे, याकडे कान जायला वेळ लागतो. मग याचा अर्थ चाहत्याने तोंड मिटून बसावं असा होतो का? मला तसं वाटत नाही. 'वन मोअर लाइट'मधली एक-दोन गाणी मला आजही गुळगुळीत वाटतात, आणि गायक गेला म्हणून ती अचानक थोर झाली असं म्हणणं हाही एक प्रकारचा खोटेपणाच. नावडणं हा ऐकणाऱ्याचा हक्क आहे. पण 'मला आवडलं नाही' आणि 'तुम्ही विकले गेलात' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं माझ्या कानाबद्दल आहे, दुसरं समोरच्याच्या मनाबद्दल. दुसऱ्याबद्दल मला दीड मिनिटात काय कळणार होतं?

आणि आता

सप्टेंबर २०२४ मध्ये बँड सात वर्षांनी परतला. नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँग, नवा ड्रमर कॉलिन ब्रिटन. पहिलं गाणं 'द एम्प्टिनेस मशीन', आणि नोव्हेंबरमध्ये 'फ्रॉम झिरो' हा अल्बम. यावेळी गंमत उलटी झाली. गाणं अगदी ओळखीच्या जुन्या साच्यातलं होतं, जड गिटार, किंकाळी, सगळं जागच्या जागी. प्रयोग गाण्यात नव्हता, गळ्यात होता. तरी भांडण तेच झालं. काही जणांना हे चेस्टरची जागा पुसणं वाटलं, काहींना त्याची गाणी पुन्हा हजारो लोकांनी एकत्र म्हणायची संधी. अल्बममधलं आणखी एक गाणं 'हेवी इज द क्राउन', नावात पुन्हा 'हेवी', आणि यावेळी खरोखर जड. ते आल्यावर आमच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, बघ, २०१७ ला हे हवं होतं ना तुला?

मी उत्तर दिलं नाही. माझी ती जुनी कमेंट मी २१ जुलै २०१७ च्या संध्याकाळीच काढून टाकली होती.

महालक्ष्मीचं तिकीट आत्येभावाने काढलं, दोघांचं. एमिली आल्यानंतरच्या मैफलींमध्ये बँड कोणती गाणी घेतो ते तो रोज बघत बसायचा. एका रात्री त्याचा फोन आला, आवाजात पोरासारखा आनंद. "अगं, कॅटलिस्ट घेतायत!" मी म्हटलं, "दादा, ती चुकीची फाइल ना?" त्याने फोन ठेवून दिला.